एनव्हीडीए: वेबसाइट बनवणाऱ्यांनी कानांनी करायची तपासणी

एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर. पडद्यावरचा मजकूर, बटनं, रकाने तो बोलून दाखवतो किंवा ब्रेल डिस्प्लेवर पाठवतो. मायकल करन या अंध प्रोग्रॅमरने तो २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह सोबत आले, आणि आज एनव्ही अ‍ॅक्सेस ही ऑस्ट्रेलियातली ना-नफा संस्था त्याचं काम पाहते. सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि वर्षातून काही वेळा नवी आवृत्ती येते. ज्यांच्यासाठी ते बनलं त्यांचं त्याबद्दलचं मत केव्हाच ठरलेलं आहे: वेबएम या सुगम्यतेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२३-२४ च्या स्क्रीन रीडर पाहणीत ६५.६ टक्के लोक ते वापरत असल्याचं दिसलं, जॉज या विकत मिळणाऱ्या स्क्रीन रीडरपेक्षा जास्त. मुख्य स्क्रीन रीडर कोणता, या प्रश्नावर मात्र जॉज ४०.५ आणि एनव्हीडीए ३७.७ टक्के.

हे परीक्षण दुसऱ्या गटासाठी आहे. वेबसाइट किंवा वेब अ‍ॅप बनवणाऱ्या डोळस माणसाला तपासणीचं साधन म्हणून एनव्हीडीए कितपत उपयोगी पडतं? उत्तर असं की फुकटात यापेक्षा चांगलं काही नाही, पण ते चुकीच्या पद्धतीने वापरलं तर फसवतंही. फसवण्याचं कारण त्याचा हुशारपणा. त्यावर पुढे येऊच.

बसवताना

डाउनलोड केलेली फाइल उघडली की तीन पर्याय समोर येतात: संगणकावर बसवा, पोर्टेबल प्रत बनवा, किंवा तात्पुरतं चालवा. अधूनमधून तपासणी करणाऱ्याने पोर्टेबल प्रत बनवावी. ती एका फोल्डरमध्ये राहते आणि सिस्टीमला हात लावत नाही. बसवायचंच असेल तर 'साइन-इन केल्यावर आपोआप सुरू करा' ही खूण आधी काढा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक स्वतःहून बोलायला लागतो आणि तो गप्प कसा करायचा हे कुणालाच माहीत नसतं. (कंट्रोल दाबलं की चालू वाक्य थांबतं. इन्सर्ट+क्यूने एनव्हीडीए बंद होतं. बाकी काही नाही तरी या दोन की लक्षात ठेवा.)

बहुतेक आज्ञा 'एनव्हीडीए की' धरून द्यायच्या असतात. ही की म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर इन्सर्ट नसेल किंवा अडचणीच्या जागी असेल तर सुरुवातीच्याच खिडकीत कॅप्सलॉक ही एनव्हीडीए की म्हणून निवडता येते. मॅकवर काम करणाऱ्यांना मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवावं लागतं आणि कीबोर्डची जुळवाजुळव करताना थोडा वैताग येतो.

पहिल्यांदा ऐकू येणारा आवाज यांत्रिक असतो. सोबत येणारं ईस्पीक एनजी हे इंजिन वेगासाठी बनवलंय, गोडव्यासाठी नाही. विंडोजचे स्वतःचे आवाज आवडत असतील तर इन्सर्ट+कंट्रोल+एस दाबून ते निवडा. याच यादीत 'नो स्पीच' असाही एक पर्याय आहे. तो निवडला आणि इन्सर्ट+एनने उघडणाऱ्या मेनूतून टूल्समध्ये जाऊन 'स्पीच व्ह्यूअर' सुरू केला, की जे बोललं गेलं असतं ते सगळं एका खिडकीत लिहून येतं. ऑफिसात बसून काम करणाऱ्यासाठी ही एक सोय सगळ्या सेटिंगांच्या वर. तिथला मजकूर कॉपी करून थेट बग नोंदीत टाकता येतो.

एक पथ्य मात्र पाळा. सुरुवातीची फेरी स्पीच व्ह्यूअर न पाहता, फक्त कानांनी करा. सेटिंगांमध्ये 'स्क्रीन कर्टन' आहे, तो पडदा पूर्ण काळा करतो. डोळ्यांना दिसत असलं की मेंदू गाळलेले शब्द आपोआप भरतो आणि 'बटन' एवढंच ऐकू आलं तरी 'हां, हे शोधाचं बटन' असं वाटून जातं.

दोन मोड समजले की अर्धं काम झालं

नवख्याचा सगळा गोंधळ इथे होतो. एनव्हीडीए वेब पानावर दोन पद्धतींनी चालतं. ब्राउझ मोडमध्ये पान एखाद्या दस्तऐवजासारखं वाचलं जातं: बाणांनी ओळ-ओळ पुढे जायचं, एच दाबून पुढच्या शीर्षकावर, केने दुव्यावर, एफने फॉर्मच्या रकान्यावर, बीने बटनावर, टीने तक्त्यावर, डीने लँडमार्कवर (मेनू, मुख्य मजकूर असा पानाचा विभाग). शिफ्ट धरलं तर उलट दिशेने. १ ते ६ आकडे त्या-त्या पातळीच्या शीर्षकावर नेतात. फोकस मोडमध्ये हीच अक्षरं थेट रकान्यात टाइप होतात. लिहिण्याच्या रकान्यात टॅबने शिरलं की मोड आपोआप बदलतो आणि तसा छोटा आवाज येतो. स्वतःहून बदलायचा तर इन्सर्ट+स्पेस.

डोळस तपासनीस साधारणपणे एनव्हीडीए सुरू करतो आणि टॅब दाबत सुटतो. टॅब फक्त दुवे, बटनं आणि रकान्यांवर थांबतो; परिच्छेद, शीर्षकं, सूचना यातलं काहीच त्यात येत नाही. स्क्रीन रीडर वापरणारी माणसं पान असं वाचत नाहीत. वर सांगितलेल्याच पाहणीत लांब पानावर माहिती शोधताना आधी शीर्षकांवरून फिरतो असं ७१.६ टक्क्यांनी सांगितलं. म्हणून क्रम असा ठेवा: पान उघडा, इन्सर्ट+खालचा बाण दाबून अर्धा मिनिट सलग ऐका, मग एच दाबत शीर्षकांवरून फिरा, मग इन्सर्ट+एफ७ दाबून घटकांची यादी उघडा, आणि टॅब सगळ्यात शेवटी.

घटकांची यादी हे या साधनाचं सर्वांत बोलकं अंग आहे. पानावरचे सगळे दुवे एकाखाली एक येतात, आजूबाजूच्या मजकुराशिवाय. बातम्यांच्या पानावर ती उघडली की 'अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा' अशी बारा ओळींची माळ दिसते आणि मग कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. शीर्षकांच्या यादीत पातळ्या झाडासारख्या दिसतात. अक्षर मोठं हवं म्हणून चौथ्या पातळीऐवजी दुसरी वापरलेली असेल तर ते झाड वेडंवाकडं वाढलेलं दिसतं. ठळक अक्षरांत लिहिलेलं 'शीर्षक' तर यादीत येतच नाही.

फॉर्म

इथे एनव्हीडीए आपली किंमत वसूल करून देतं, फुकट असूनही.

नीट बांधलेल्या रकान्यावर पोचलं की नाव, प्रकार आणि स्थिती अशा क्रमाने ऐकू येतं: 'ईमेल, एडिट, रिक्वायर्ड, ब्लँक'. लेबल जोडलेलं नसेल तर फक्त 'एडिट, ब्लँक'. लेबल पडद्यावर रकान्याच्या शेजारी दिसतं, पण त्याचा 'फॉर' रकान्याच्या आयडीशी जुळत नाही; बहुतेक वेळा घटक कॉपी करताना आयडी बदलायचा राहून गेलेला असतो.

दुसरी चूक सूचनांची. 'पासवर्ड किमान ८ अक्षरी असावा' ही ओळ रकान्याखाली साध्या परिच्छेदात असते. टॅबने फिरणाऱ्याला ती कधीच ऐकू येत नाही, कारण टॅब रकान्यावरून थेट पुढच्या रकान्यावर उडी मारतो. ती ओळ 'आरिया-डिस्क्राइब्डबाय'ने (आरिया म्हणजे स्क्रीन रीडरला जादा माहिती देणाऱ्या एचटीएमएलमधल्या खुणा) रकान्याला जोडली की रकान्याच्या नावापाठोपाठ वाचली जाते.

तिसरी सगळ्यात महाग. अर्ज पाठवा दाबलं, लाल अक्षरांत चूक उमटली, आणि एनव्हीडीए गप्प. वापरणाऱ्याला वाटतं अर्ज गेला. उपाय दोन: पहिल्या चुकलेल्या रकान्यावर फोकस न्या आणि त्या रकान्याला 'आरिया-इनव्हॅलिड' लावा, किंवा वर चुकांची यादी दाखवून तिच्यावर फोकस न्या. काही जण चूक 'आरिया-लाइव्ह' भागात, म्हणजे ज्यातला बदल आपोआप वाचला जातो अशा भागात, टाकतात. तेही चालतं, पण त्यात एक सापळा आहे. तो भाग पानावर आधीपासून रिकामा असायला हवा आणि मजकूर त्यात नंतर पडायला हवा. भाग आणि मजकूर दोन्ही एकदमच पानात घातले तर 'बदल' असा काही होत नाही, आणि पुष्कळदा काहीच वाचलं जात नाही. तीच चूक दुसऱ्यांदा दाखवतानाही असंच: मजकूर तोच राहिला तर सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. आधी भाग रिकामा करा, मग पुन्हा भरा. उलट टोकाला, 'आरिया-लाइव्ह'ला 'असर्टिव्ह' (लगेच सांग) सरसकट लावलेली पानं असतात. दर काही सेकंदांनी 'जतन झालं' म्हणत ती माणसाचं चालू वाचन तोडतात.

खिडक्या आणि न उघडणारी पानं

पॉप-अप खिडकी उघडल्यावर तीन गोष्टी ऐका. उघडताच तिचं नाव आणि 'डायलॉग' हा शब्द येतो का. टॅब दाबत राहिलं तर फोकस मागच्या पानात निसटतो का. आणि एस्केपने बंद केल्यावर ज्या बटनाने उघडली त्याच बटनावर परत येतो का. तिसरी गोष्ट सर्रास राहते. फोकस पानाच्या माथ्यावर फेकला जातो आणि माणसाला पुन्हा पहिल्यापासून खाली यावं लागतं. एचटीएमएलचा स्वतःचा डायलॉग घटक 'शोमोडल'ने उघडला तर मागचं पान निष्क्रिय होणं आणि एस्केपने बंद होणं या दोन्ही गोष्टी ब्राउझरच करतो. त्या हाताने लिहिण्याचा हट्ट कशासाठी, हे कळत नाही.

एकपानी अ‍ॅपमध्ये दुव्यावर एंटर दाबलं तर मधला मजकूर बदलतो, पण ब्राउझरच्या दृष्टीने नवं पान उघडलेलं नसतं. एनव्हीडीए काही बोलत नाही. मग माणूस तोच दुवा पुन्हा दाबतो. मार्ग बदलला की पानाचं टायटल बदला आणि नव्या मुख्य शीर्षकाला 'टॅबइंडेक्स' उणे १ देऊन फोकस तिथे न्या. दोन ओळींचं काम आहे.

तक्त्यात कंट्रोल+ऑल्ट+बाणांनी फिरून पाहा. स्तंभ बदलताना स्तंभाचं शीर्षक ऐकू यायला हवं. नुसते आकडे ऐकू आले तर शीर्षकाच्या पेशी 'टीएच' नाहीत. टी दाबूनही तक्ता सापडत नसेल तर तो मुळात तक्ताच नाही, डिव्हची रांगोळी आहे.

मराठी पानांवर

हा भाग कुठल्याही तपासणी यादीत सापडत नाही, म्हणून थोडा सविस्तर.

पानाच्या एचटीएमएल टॅगवर 'लँग' ही खूण असते. सांगाडा कुठून तरी उचललेला असेल तर मराठी पानावरही ती इंग्रजीचीच राहते. एनव्हीडीएच्या बोलण्याच्या सेटिंगांमध्ये भाषा आपोआप बदलण्याची सोय आहे, आणि ती या खुणेवर चालते. खूण इंग्रजीची असेल तर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या गळी उतरवला जातो. काही आवाज त्याची वाट लावतात, काही तो चक्क गाळतात. खूण 'एमआर' केली की ईस्पीक एनजी मराठी आवाजाकडे वळतं. तो आवाजही रुक्षच, पण वाक्य कळतं. मधे एखादा इंग्रजी उतारा असेल तर त्या उताऱ्याला वेगळी खूण द्या. एकेका रुळलेल्या शब्दासाठी नको, आवाज सारखा बदलत राहिला की ऐकणं अवघड होतं.

तयार घटक वापरले की त्यांच्या पोटातली 'आरिया-लेबल' इंग्रजीत येतात. पडद्यावर फुलीचं चिन्ह दिसतं म्हणून भाषांतर करणाऱ्याला ती कधी दिसतच नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र मराठी वाक्यांच्या मधे 'टॉगल नॅव्हिगेशन', 'प्रीव्हियस स्लाइड' असं येत राहतं, आणि तेही मराठी आवाजाच्या उच्चारात. कोडमध्ये 'आरिया-लेबल' शोधून ती सगळी वाक्यं भाषांतराच्या फाइलमध्ये हलवा.

आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर. पडद्यावर देवनागरी दिसते, आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. एनव्हीडीए ती खिचडी जशीच्या तशी वाचतं. त्याला आरियाने, लेबलने, कशानेही इलाज नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलावाच लागतो. जुन्या पीडीएफ जोडलेल्या पानांवर ही तपासणी आधी करा. परिच्छेद कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवला की दहा सेकंदांत कळतं.

जिथे एनव्हीडीए फसवतं

एखादं बटन साध्या डिव्हने बनवलेलं आणि त्यावर फक्त क्लिकची घटना लावलेली आहे असं धरा. ब्राउझ मोडमध्ये बाणाने त्यावर गेलं तर एनव्हीडीए 'क्लिकेबल' म्हणतं. एंटर दाबलं तर माउसच्या क्लिकसारखी क्रिया घडवून आणतं आणि बटन चालतं. तपासनीस खूश होऊन पुढे जातो. पण ज्याला दिसतं आणि जो हातांच्या अडचणीमुळे फक्त कीबोर्ड वापरतो, त्याच्यासाठी ते बटन मेलेलंच आहे: टॅब तिथे पोचत नाही आणि एंटरला ते दाद देत नाही. म्हणून एनव्हीडीए पूर्ण बंद करून निव्वळ कीबोर्डची वेगळी फेरी करायलाच हवी. 'क्लिकेबल' हा शब्द 'बटन' किंवा 'लिंक'शिवाय एकटा ऐकू आला तर ती धोक्याची घंटा समजा आणि खऱ्या बटन टॅगकडे वळा.

प्लेसहोल्डरचंही तसंच. लेबल नसेल तर ब्राउझर प्लेसहोल्डरलाच रकान्याचं नाव मानतो आणि एनव्हीडीए ते व्यवस्थित वाचतं. कानांच्या तपासणीत रकाना पास. डोळ्यांनी पाहणाऱ्याने मात्र एक अक्षर टाइप केलं की नाव पुसलं जातं, आणि मधेच लक्ष दुसरीकडे गेलेल्या माणसाला इथे काय भरायचं होतं ते आठवत नाही.

शिवाय रंग, आकार, जागा यांबद्दल ते काही सांगू शकत नाही. पार्श्वभूमीशी साध्या मजकुराचा रंगविरोध (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १, मोठ्या मजकुराचा ३ : १, बोट टेकवायची जागा किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल (ही अट ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुगम्यतेच्या नियमावलीतली, आणि तिला काही अपवाद आहेत), पान ३२० पिक्सेल रुंदीत आडवं न सरकवता वाचता येणं. यासाठी अ‍ॅक्स, वेव्ह यांसारखी स्वयंचलित साधनं आणि स्वतःचे डोळे लागतात. ती साधनं आधी चालवा. वेबएमने २०२५ मध्ये दहा लाख मुखपृष्ठं तपासली तेव्हा ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सापडतील अशा चुका होत्या. त्या निस्तरण्यासाठी माणसाचे कान खर्ची घालू नयेत. मात्र उलटंही खरं: लाइटहाउस या क्रोममधल्या तपासणी साधनाने शंभरपैकी शंभर दिले म्हणून फॉर्म भरता येतोच असं नाही. त्याला चित्राला 'अल्ट' (पर्यायी मजकूर) आहे की नाही एवढं कळतं. त्यात 'इमेज १' लिहिलंय हे बिनडोकपणाचं आहे, हे ऐकणाऱ्यालाच कळतं.

कुरकुरीच्या जागा

मार्गदर्शिका सविस्तर आहे, पण ती रोज वापरणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. तपासनिसाने कुठून सुरुवात करावी, हे त्यात सापडत नाही. हजारो घटकांच्या पानावर ब्राउझ मोड अडखळतो. वर्षातली पहिली आवृत्ती आली की जुनी अ‍ॅड-ऑन बंद पडू शकतात, त्यामुळे तपासणीच्या प्रतीत अ‍ॅड-ऑन टाकूच नयेत. नाहीतर जे ऐकू येतंय ते पानाचं की अ‍ॅड-ऑनचं, हा वाद उरतो. आणि ब्राउझर बदलला की बोलणं थोडं बदलतं, कारण एनव्हीडीए ब्राउझरने पुरवलेल्या रचनेवरच अवलंबून असतं. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत ऐका. फोनसाठी त्याचा उपयोग नाही; तिथे टॉकबॅक (अँड्रॉइड) आणि व्हॉइसओव्हर (आयफोन) हे स्क्रीन रीडर घेऊन वेगळं तपासावं लागतं.

कमी बोललं जाणारं एक वैशिष्ट्य: एखादा घटक विचित्र वाचला जात असेल तर त्यावर थांबून इन्सर्ट+एफ१ दाबा. लॉग उघडतो आणि त्यात त्या घटकाचं नाव, भूमिका, स्थिती असं सगळं तांत्रिक वर्णन मिळतं. चूक पानाची, ब्राउझरची की एनव्हीडीएची हे ठरवायला ते पुरेसं असतं.

बग नोंदवताना 'स्क्रीन रीडरमध्ये नीट चालत नाही' एवढं लिहिलं तर ती नोंद महिनोन्‌महिने पडून राहते. एनव्हीडीए आणि ब्राउझरची आवृत्ती, मोड कोणता होता, कुठली की दाबली, स्पीच व्ह्यूअरमध्ये काय आलं आणि काय यायला हवं होतं, एवढं द्या. उदाहरणार्थ: 'ब्राउझ मोड, बी दाबलं, ऐकू आलं: बटन. यायला हवं: शोधा, बटन.' यावर प्रोग्रॅमर दुसरा प्रश्न विचारत नाही, थेट दुरुस्तीला बसतो.